उबेच्या कपाटातला आवाज

मलाकी टूही पडद्यावर सात वेळा पाद्री झाला, चार वेळा प्रेत झाला आणि एकदा बिशप झाला. बिशप संकलनात कापला गेला, त्यामुळे आम्ही बॅलिनाकूलवाले तो धरत नाही. मलाकी धरतो.

शिवाय एका टीव्ही मालिकेत तो नऊ वर्षं गुरांचा डॉक्टर होता. नवव्या वर्षी मालिकावाल्यांनी त्याला शेणखताच्या खड्ड्यात पाडून मारला. त्याला आता चौदा वर्षं झाली, तरी बाजारात कोणी ना कोणी त्याला थांबवून विचारतंच, "काय रे, खड्ड्यावर झाकण नव्हतं होय?" पीजे गॉर्मली, म्हणजे मलाकीच्या कुंपणापलीकडचा शेतकरी, तर एकदा आजारी वासरू घेऊन दारात उभा राहिला होता.

"मी नट आहे, पीजे," मलाकी म्हणाला.

"ते माहीत आहे रे. पण नऊ वर्षांत काहीतरी शिकला असशीलच ना?"

पाद्र्यांचं तर विचारूच नका. एकदा रॉसकॉमनच्या बसथांब्यावर एका अनोळखी बाईने मलाकीचा हात धरून, आपण जावेला काय काय बोललो ते सगळं ओकून टाकलं. मलाकीने काय करावं? बस यायला वीस मिनिटं होती. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी भूमिकेला शोभेल अशा खर्जात "जा बाई, शांतीने जा" म्हणाला. बाई हमसून हमसून रडली. कारकिर्दीतलं माझं ते सर्वोत्तम काम, असं तो अजून सांगतो. ते बघायला कॅमेरा नव्हता, ही त्याची जन्माची खंत.

साठी उलटली तसा चेहरा मागे पडला आणि आवाज पुढे आला. हल्ली लोकांना पुस्तकं वाचायला वेळ नसतो, ऐकायला असतो. तेव्हा महिन्यातून चार-सहा दिवस मलाकी सकाळच्या बसने डब्लिनला जायचा आणि काचेच्या खोलीत बसून कुणाची तरी कादंबरी मोठ्याने वाचायचा. काचेपलीकडे सॉरका नावाची ध्वनिमुद्रण करणारी बाई. वय तिशीच्या आतलं, पण कान असे, की "मलाकी, न्याहारी केली नाहीत का? सत्तेचाळीस पानावर तुमचं पोट बोलतंय," असं बेधडक सांगायची. तिचं दुसरं आवडतं वाक्य होतं, "जरा कमी करा." कारण पुस्तकात वादळ आलं की मलाकी वादळ व्हायचा, घोडा आला की घोडा. आयुष्यभर दोन-दोन वाक्यांच्या भूमिका केलेला माणूस, हातात अख्खं पुस्तक आल्यावर हात आखडता कशाला घेईल?

तर मार्च महिन्यात स्टुडिओकडून निरोप आला, की आता सगळेच वाचक घरून वाचतात, तुम्हीही घरून वाचा. सोबत नवी कादंबरी आली. मोठ्याने वाचली तर एकोणीस तासांची. एक बेट, चार पिढ्या आणि एकूण पाच बुडालेल्या होड्या.

त्याच रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून बर्नी स्कॅहिल चहाला आली. बर्नी गावची निवृत्त पोस्टमास्तरीण. एकतीस वर्षं तिने आमची पत्रं पोचवली आणि, तिच्यावर आळ घ्यायचा नाही, पण आत काय लिहिलंय हे तिला पत्र उघडणाऱ्याच्या आधी कळायचं.

"डिंप्नाचे डोळे पार गेले बरं का," ब्रेड कापता कापता ती म्हणाली.

डिंप्ना ही मलाकीची थोरली बहीण. अठराव्या वर्षी नर्स व्हायला इंग्लंडात हडर्सफील्डला गेली आणि तिथलीच झाली. अकरा वर्षांपूर्वी आईच्या मयताला आली होती, तेव्हापासून भावाशी एक शब्द बोललेली नाही. तिला बर्नी दर रविवारी फोन करते, आणि मलाकी दर रविवारी बर्नीला चहाला बोलावतो. चहा हे निमित्त, हे दोघांनाही ठाऊक आहे.

"मग दिवसभर करते काय?"

"पुस्तकं ऐकते. मुलगा लावून देतो, जेरार्ड. जाडजूडच लागतात तिला. समुद्राची, बेटांवरची."

मलाकीचा कप वाटेतच थांबला. "माझी ऐकते?"

बर्नीने ब्रेडला लोणी लावलं. बरंच लावलं. "तुझा आवाज आला की बंद करायला सांगते. जेरार्डने दोनदा चुकून लावलं होतं. दुसऱ्या वेळी तिने चप्पल फेकली, ती मांजराला लागली."

बर्नी गेल्यावर त्याने ती बेटाची कादंबरी पुढ्यात ओढली आणि बराच वेळ तिच्यावर हात ठेवून बसला. हे पुस्तक डिंप्नाने ऐकलं पाहिजे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मध्ये चप्पल न फेकता. कसं ते त्यालाही कळत नव्हतं, पण एवढं एक झालं तर बिशप कापला गेला याचंही त्याला काही वाटणार नव्हतं.

पहिला प्रयोग मागच्या झोपायच्या खोलीत झाला. पलंगावर माइक, आणि मलाकीच्या डोक्यावरून दोन दुलया. पहिलंच वाक्य वाचून होतंय तोच बाहेरून असा काही हंबरडा ऐकू आला, की बेटावरची पहिली होडी वेळेआधीच बुडाली असं वाटावं. पीजेने त्या दिवशी वासरं गाईंपासून तोडली होती. आता चार दिवस गाई ओरडणार, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाकी तसाच दुलई पांघरून कुंपणापाशी गेला.

"पीजे, गाईंना जरा गप्प बसव ना. मी काम करतोय."

"तूच सांग त्यांना. डॉक्टर तू आहेस."

गाई निवल्या तर मेंढ्यांची लोकर कातरायची यंत्रं सुरू झाली. ती थांबली तर चर्चची घंटा. दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा, अठरा अठरा ठोके. फादरना घंटा हळू वाजवा म्हणून विनंती केली, तर ते म्हणाले, "मलाकी, ती आता मशीनवर वाजते. मशीन कसं हळू करायचं ते सांगणारा माणूस वारला."

मग सल्ले सुरू झाले. आमच्या गावात कौतुक कोणी तोंडावर करत नाही, पण सल्ला मात्र तुम्ही दार उघडायच्या आत मिळतो. औषधवाल्याने सांगितलं, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे लावा. बर्नीने मिस्सेनंतर जाहीर केलं, आणि दोन दिवसांत दारात चारशे बारा पुठ्ठे येऊन पडले. त्यातल्या एकात अंडी होती. ती कोणाची म्हणून मलाकी तीन घरं फिरला, तर तिन्ही घरांनी "आमचीच" म्हणून सांगितलं. पीजेने सांगितलं, वर उबेच्या कपाटात, म्हणजे पाण्याच्या टाकीच्या उबेला टॉवेल-चादरी ठेवतोस तिथे, ती पाणी तापवायची जुनी तांब्याची टाकी गुरगुरते, ती आधी बदलून घे, नाहीतर कुठेही वाचलंस तरी फुकट. ती बदलायला मलाकी तयार नव्हता. आईने बसवलेली टाकी होती ती.

आणि मग कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून कबुलीची पेटी निघाली.

टेकडीवरचं जुनं चर्च बंद झालं होतं आणि आतलं सामान द्यायचं होतं. त्यात कबुलीच्या दोन पेट्या होत्या. मध्ये पाद्रीबाबांची जागा, दोन्ही बाजूंना पापी माणसांनी गुडघे टेकायच्या जागा, आणि मध्ये जाळी. ओक लाकडाच्या जाड भिंती, आतून मखमल. शंभर वर्षं गावची पापं त्यात सांगितली गेली आणि बाहेर अक्षर आलं नाही. आवाज कोंडायला याहून चांगली जागा कुठली? मलाकीचे डोळे चमकले. सात वेळा पाद्री झाला होता, पण पेटी दर वेळी पुठ्ठ्याची होती.

पेटी मिळवायला चर्चच्या समितीचा तीन पानी अर्ज भरायचा होता. 'वापराचा हेतू' या रकान्यात मलाकीने 'वाचन' लिहिलं. समितीने विचारलं, कसलं वाचन? मलाकीने कादंबरी पाठवली. समितीने ती वाचली, म्हणजे सगळ्यांनी आळीपाळीने वाचली, त्यात अठरा दिवस गेले. मग एका बाईंनी हरकत घेतली, की नवव्या प्रकरणात लग्नाआधी मूल होतं, असलं पुस्तक पवित्र पेटीत कसं वाचायचं? त्यावर फादर म्हणाले, "बाई, त्या पेटीने याहून पुष्कळ ऐकलंय." अर्ज मंजूर झाला.

पेटी पीजेच्या ट्रॅक्टरवरून वाजतगाजत आली. सहा जणांनी उचलली, एक बाजू पुढे करून पुढच्या दारातून आत ढकलली, आणि तिसरा हिस्सा आत गेल्यावर ती जी रुतली ती रुतली. ना आत, ना बाहेर. एका पापी माणसाची जागा घरात, आणि पाद्री व दुसरा पापी बाहेर पायरीवर.

"मोजलं नव्हतंस का रे?" मलाकी ओरडला.

"पेटी मोजली होती की," पीजे म्हणाला. "दार मोजायला कोणी सांगितलं?"

त्यानंतर अकरा दिवस, टीव्हीवर नऊ वर्षं गाजलेला नामांकित नट स्वैपाकघराच्या खिडकीतून ये-जा करत होता. वय त्रेसष्ट, उंची सहा फूट, आणि खिडकीखाली भांडी घासायचं सिंक. एकदा अर्धा आत गेलेला असताना पोस्टमन आला आणि त्याने सही मागितली. मलाकीने मागे हात करून, न बघता सही दिली. सही देताना आपण खाली बघू नये एवढी प्रतिष्ठा त्याने राखली. पावसाने पेटी भिजू नये म्हणून पीजेने तिच्यावर चाऱ्याचं काळं प्लास्टिक आणि चार जुने टायर टाकून दिले. रस्त्याने जाणारे लोक टोपी काढायचे. मलाकीसाठी की पेटीसाठी, हे कळायला मार्ग नव्हता.

तरीही काम थांबवून चालणार नव्हतं. पाद्रीबाबांच्या जागेत लांब पाय बसेनात, म्हणून मलाकी बाहेरच्या बाजूच्या पाप्याच्या जागेत गुडघे टेकून माइक तपासत होता. तेवढ्यात सर आली, आणि सफरचंदाचा केक घेऊन निघालेली बर्नी धावत येऊन शेजारी पाद्रीबाबांच्या जागेत शिरली. दार ओढून घेतलं. जाळीपलीकडे तिचा चष्मा तेवढा दिसत होता.

पाऊस प्लास्टिकवर ताशा वाजवत होता. वाचणं शक्यच नव्हतं.

"आता बसलोच आहोत इथे," बर्नी म्हणाली, "तर सांग बघू. त्या दिवशी तू का वाचलंस?"

कुठला दिवस ते मलाकीने विचारलं नाही.

"वाचायचं डिंप्नाने होतं," तो म्हणाला. "तसं ठरलंच होतं. आईनेच सांगून ठेवलेलं, माझ्या मयताला बायबलमधला उतारा डिंप्ना वाचेल. बोटीवर सगळा वेळ पाठ करत आली होती ती. हातात कागद होता, घडी घालून घालून पार मऊ झालेला. आणि मिस्सा सुरू व्हायच्या आधी फादर मला म्हणाले, मलाकी, चर्च भरलंय, लोकांना तुझ्या तोंडून ऐकायला आवडेल."

"मग?"

"मी नको म्हणालो नाही, बर्नी. मी घसा खाकरला."

बर्नीने मांडीवरचा केक खाली ठेवला.

"मी वाचलं. आणि काय वाचलं! माझंच मला भरून आलं. मागच्या बाकावरची माणसं रडली. शेवटी कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. आणि मी…" मलाकी थांबला. "मी मान लववली. आईची शवपेटी समोर होती, आणि मी कमरेत वाकून टाळ्या घेतल्या. दाराशी डिंप्ना मला एवढंच म्हणाली, की आज तरी तुला प्रेक्षक नको होते. मग मयतानंतरच्या सँडविचला हातही न लावता संध्याकाळच्या बोटीने गेली."

"हं."

"मला वाचायला कोणी शिकवलं, सांगू? तिनेच. मी पाच वर्षांचा, ती तेरा-चौदाची. घरात उबेची जागा एकच, ते वरचं कपाट. टाकीला पाठ लावून बसायचो दोघं, विजेरी घेऊन. ती एक ओळ वाचायची, मी एक. मी ओरडून वाचलं की मांडीवर चापट. कपाटात ओरडू नये, मलाकी, असं म्हणायची. आणि खालून आई किंचाळायची, बटण कोणी चालू ठेवलं?"

इथे एक सांगायला हवं. पाणी तापवायच्या टाकीचं बटण चालू राहणं हा आमच्या देशात खुनाखालोखालचा गुन्हा आहे. वीज जळते, टाकी फुटेल, घर जाईल, ही भीती आमच्या आया आम्हाला दुधाबरोबर पाजतात. आमची माणसं लग्नाच्या मिरवणुकीतून, एक तर चक्क विमानतळावरून, बटण बघायला घरी परत आलेली आहेत.

"मार कोणाला पडायचा?" बर्नीने विचारलं.

"तिला. ती थोरली. मी चालू केलेलं असलं तरी."

पाऊस ओसरला. जाळीपलीकडे बर्नीने नाक पुसलं आणि मग पोस्टाच्या खिडकीवरच्या तिच्या जुन्या आवाजात म्हणाली, "दोन गोष्टी करायच्या. ते कपाट अजून आहे ना घरात? तिथे बसून वाच. आणि या पुस्तकावर तुझं नाव घालायचं नाही."

"नाव नाही?" मलाकीचं डोकं वर लाकडावर आपटलं. "अगं, नटाचं नाव काढून घेतल्यावर राहिलं काय?"

"ते मला काय माहीत? ऐकल्यावर कळेल. हा केक घे."

दुसऱ्या दिवशी बिशपच्या कार्यालयाचं पत्र आलं. समितीने चुकून जतन करायच्या यादीतली पेटी देऊन टाकली होती, तरी ती आठ दिवसांत परत करावी. सोबत दुसरा अर्ज होता, चार पानी. पुन्हा सहा माणसं आली, त्यांनी 'हो हो' करत पेटी उपसली, आणि पेटीबरोबर दाराची चौकटही आली. पेटी सुखरूप गेली. मलाकीच्या घराला पुढे आठवडाभर दार म्हणून चाऱ्याचं काळं प्लास्टिक होतं.

राहता राहिलं उबेचं कपाट. वर, जिना संपतो तिथे, दोन हात रुंद. आत लाल गोधडी गुंडाळलेली तांब्याची टाकी, आणि वर फळ्यांवर टॉवेल, चादरी, आईचा नाताळचा टेबलक्लॉथ. मलाकी टाकीला पाठ लावून बसला तर गुडघे हनुवटीला लागले. हात हलवायला जागा नाही. मान फिरवली तर टॉवेल तोंडात. दार ओढून घेतलं आणि पाच मिनिटांत घामाच्या धारा लागल्या. मग शर्ट गेला, मग विजार गेली. चार पिढ्यांचा तो सगळा भव्य इतिहास मलाकीने बनियन आणि अर्ध्या चड्डीवर वाचला, हे पुस्तक ऐकणाऱ्यांना न कळलेलंच बरं.

पण गंमत अशी झाली, की त्या कपाटात वादळ होताच येईना. वादळ व्हायला निदान एक हात तरी मोकळा लागतो. घोडा होणं तर अशक्यच. जरा आवाज चढवला की तो टॉवेलांत जाऊन मरायचा, आणि मलाकीला मांडीवर चापट बसल्यासारखं व्हायचं. तेव्हा तो नुसता वाचायला लागला. एक ओळ, मग पुढची ओळ. कधी कधी एक ओळ संपली की क्षणभर थांबायचा, जणू पुढची कोणी दुसरंच वाचणार आहे. मग कोणी वाचायचं नाही, आणि ती त्यालाच वाचावी लागायची.

तिसऱ्या प्रकरणानंतर सॉरकाचा फोन आला. "मलाकी, बरं नाही का तुम्हाला?"

"का?"

"तुम्ही वाचताय." ती जरा थांबली. "म्हणजे, असंच चालू द्या. फक्त वाचताना ती टाकी बंद ठेवा, दुसऱ्या प्रकरणात गुरगुर होती, ती मी काढली."

मलाकीने दारावर आतून चिठ्ठी लावली, 'बटण!' रोज आठवणीने बंद करायचा आणि थंड पाण्याने अंघोळ करायचा. एकच दिवस चुकला. बर्नीच्या चुलतभावाच्या मयताला जायचं होतं, दाढी-अंघोळीला गरम पाणी हवं म्हणून बटण लावलं, पाणी तापेपर्यंत सतरावं प्रकरण वाचून टाकू म्हणून आत बसला. आणि त्या प्रकरणात बेटावरचं शेवटचं कुटुंब घराला कुलूप लावतं. मलाकी कुलपात एवढा गुंतला की बटणाचं ध्यानच राहिलं नाही. सॉरकाकडूनही काही तक्रार आली नाही, त्यामुळे तो ते विसरूनही गेला.

नावाच्या जागी 'जे. व्हेलन' असं घातलं. सॉरका म्हणाली, अहो, तुमचं आजवरचं सगळ्यात चांगलं काम आहे हे! मलाकी म्हणाला, म्हणूनच.

म्हणायला म्हणाला, पण पुढे जे झालं ते कुठल्याही नटाच्या वैऱ्यावरही येऊ नये. पुस्तक गाजलं. वर्तमानपत्राने लिहिलं, हा व्हेलन आजवर होता कुठे? वाचनालयातल्या बायकांनी एक संध्याकाळ व्हेलनवर चर्चा ठेवली आणि मलाकीला मुद्दाम बोलावून पहिल्या रांगेत बसवलं, त्याला काही शिकता यावं म्हणून. पीजे ट्रॅक्टरवर ऐकायचा. कुंपणाशी ट्रॅक्टर थांबवून म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस, पण ऐक रे याला. नाटकं नाहीत, काही नाही. माझी गाय व्यायली, तरी मी अकरावं प्रकरण संपवूनच उतरलो."

"बरा वाचतो," मलाकी म्हणाला. एवढं म्हणायला त्याला त्याच्या चाळीस वर्षांच्या अभिनयातलं सगळं लागलं.

त्याचं सगळं लक्ष रविवारकडे होतं. पहिल्या रविवारी बर्नी म्हणाली, "जेरार्डने लावलं."

"मग?"

"ऐकतेय."

"कळलं तिला?"

"काही बोलली नाही."

पुढच्या रविवारी, "सहावं चालू आहे. होड्या फार बुडतात म्हणाली." त्याच्या पुढच्या रविवारी अकरावं. मग एक रविवार सुना गेला, बर्नीला सर्दी झाली होती. मलाकी तिच्यासाठी सूप घेऊन गेला आणि सूप तिच्या हातात द्यायच्या आधी विचारलं, "कुठवर?" मग सोळावं. मलाकी रात्री अंथरुणात मनातल्या मनात तिच्याबरोबर पानं उलटायचा. आता ती इथे असेल. आता कुलूप. चप्पल नाही फेकली अजून.

त्याच्या पुढच्या रविवारी बर्नी आली नाही. साडेचारला फोन वाजला. मलाकीला वाटलं, बर्नीची सर्दी उलटली.

"सतरावं प्रकरण," पलीकडून आवाज आला. ना नमस्कार, ना काही. "टाकी चालू होती."

मलाकी भिंतीला टेकला. "डिंप्ना?"

"दोनदा गुड, आणि एकदा ठक. तो कुलपाला किल्ली लावतो तिथे. दुसऱ्या कोणाला कळलं नसेल. मी त्या टाकीला पाठ लावून लहानाची मोठी झालेय, मलाकी. बंद केलीस ना नंतर?"

"तुला…" मलाकीचा चाळीस वर्षं कमावलेला आवाज ऐन वेळी फाटला. "तुला तेव्हाच कळलं, मी आहे ते?"

"तेव्हा कशाला? पहिल्या पानावर. मोठं वाक्य आलं की आधी श्वास घेतोस. तो कोणी शिकवला तुला?"

"मग बंद का नाही केलंस?"

"ओरडत नव्हतास," ती म्हणाली. मग, "हा व्हेलन कोण?"

"कोणी नाही."

"तुझं नाव का नाही घातलंस?"

"तुझं घालायला हवं होतं खरं तर," मलाकी म्हणाला. "त्या दिवशी वाचायची पाळी तुझी होती. मी घेतली. मला नको म्हणता आलं असतं, पण मी म्हणालो नाही. अकरा वर्षं रोज मनात 'नको' म्हणतोय आता."

पलीकडे खुर्ची करकरली. मांजराला कोणीतरी खाली उतरवलं असावं.

"वर जा," डिंप्ना म्हणाली. "कपाटात."

मलाकी फोन कानाशी धरून जिना चढला. गुडघे पोटाशी घेऊन आत बसला.

"दार लाव."

"लावलं."

"अंधार आहे?"

"मिट्ट."

"मलाही," डिंप्ना म्हणाली.

आणि मग तिने वाचलं. कागद नव्हता, डोळे नव्हते. आईच्या मयताला वाचायचा तो उतारा, बोटीवर पाठ केलेला, अकरा वर्षं कोणालाही न ऐकवलेला. हळू, साधा. कुठे चढ नाही, उतार नाही. एक ओळ, मग पुढची ओळ. तिचा आवाज आता म्हातारा झाला होता आणि मध्ये मध्ये इंग्लंडचा वळसा घ्यायचा, पण प्रत्येक मोठ्या वाक्याआधी श्वास तिथेच होता. मलाकी आईच्या टेबलक्लॉथमध्ये तोंड खुपसून ऐकत राहिला. शेवटचा शब्द झाला. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. हात मांडीखाली दाबून बसला होता तो.

त्या शांततेत त्याच्या पाठीशी टाकी दोनदा गुडगुडली आणि एकदा ठक वाजली.

"चालूच आहे ना?" डिंप्नाने विचारलं.

"सकाळपासून," मलाकी म्हणाला.

"आईने मारलं असतं तुला."

"मला कुठे मारलं तिने कधी? मार तर तूच खाल्लास."

"हो," डिंप्ना म्हणाली, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा हसली. "ऊठ आता. बंद कर जा."

"करतो," मलाकी म्हणाला, आणि तसाच बसून राहिला. पलीकडे तिनेही फोन ठेवला नाही.